घर घेऊन फिरणाऱ्या अळ्या : शाळेच्या ओळखतक्त्याच्या नोंदी

१८ जून २०२५

तक्त्यात कोणाला घ्यायचं ते आधी ठरवून टाकलं: जी अळी घर बांधते आणि ते घर घेऊनच फिरते, तीच. पान गुंडाळून आत बसणाऱ्या अळ्या ढीगभर आहेत. त्यांना जागा दिली तर तक्ता व्हरांड्यात मावायचा नाही. कोशही वगळले. कोश विणला की अळीचं फिरणं संपतं, आणि आम्हाला फिरती घरं हवी आहेत.

हे काम काढायचं कारण साधं आहे. पावसाळा लागला की मुलं काड्यापेटीतून, कंपासपेटीतून काहीबाही घेऊन येतात. त्यात काड्यांची मोळी, मातीची पुडी, पानाची नळी असतेच असते. "बाई, ह्यात काय हाय?" याचं उत्तर फुलपाखरांच्या तक्त्यात सापडत नाही. जाणकाराला फोन लावावा तर तो पहिल्यांदा विचारतो, "पतंग बाहेर आला का?" नुसत्या घरावरून जातीचं नाव सांगायला जाणकार कचरतात, आणि ते बरोबरच आहे. पण घरावरून कुळापर्यंत, कधी त्याच्याही एक पायरी पुढे, आठवीतलं मूल पोचू शकतं असं माझं मत आहे. तक्ता तेवढ्यासाठीच.

नियम फळ्यावर लिहिले. घर फाडायचं नाही. फोटो चार: वरून, बाजूने आणि दोन्ही टोकांचे जवळून. शेजारी मोजपट्टी. कुठे सापडलं, लटकलेलं होतं की चिकटलेलं, अळी बाहेर डोकावत होती का. शेवटचा रकाना माझ्या हट्टाचा: "तुकडे कसे लावलेत?" घर कशाचं आहे ते मुलं न सांगता लिहितात. कसं बांधलंय ते मात्र विचारावं लागतं.

२३ जून

पहिलं घर शोधायला शाळेबाहेर जावंच लागलं नाही. हात धुण्याच्या नळामागे, ओल्या भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात भरपूर. शिपाईमामा दर आठवड्याला झाडूने काढतात. "धूळ हाय ती बाई, चालणारी धूळ." वर्णन अचूक आहे.

घर चपटं, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. मोठ्यात मोठं १४ मिलिमीटर लांब, रुंदी ५ च्या आत. आतून रेशमाचं मऊ अस्तर, बाहेरून वाळू, माती, चुन्याचा भुगा, किड्यांची विष्ठा, जे भिंतीवर मिळेल ते. खरी खूण टोकांवर आहे: दोन्ही टोकं उघडी आणि दोन्ही सारखी. अळी या तोंडातून डोकं काढून चालते, हात लावला की आत जाते आणि थोड्या वेळाने त्या तोंडातून बाहेर येते. मधला फुगवटा त्यासाठीच, आतल्या आत वळायला जागा लागते. पोरांना हे कळल्यावर तासभर दुसरं काही सुचलं नाही.

डोकं गडद तपकिरी, त्यामागच्या तीन खंडांवर कडेला गडद पट्ट्या, पुढे सगळं पांढुरकं. चालताना सहा पाय बाहेर, बाकी अंग घरात.

एका गटाने तीन वेगळ्या अळ्या म्हणून तीन पानं केली: पांढरी, राखाडी, तांबूस. पांढरी खडूच्या कपाटाखालची. तांबूस गंजलेल्या पाइपाच्या ब्रॅकेटजवळची. ही अळी लोखंडाच्या गंजाचे कणही घरात विणते. तिन्ही घरं भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून विचारलं, बांधणीत काय फरक दिसतो? आकार तोच, दोन तोंडं तीच, कण तसेच विस्कळीत लावलेले. गटाने आपणहून तिन्ही पानं एकत्र स्टेपल केली. माल जागेचा पत्ता सांगतो आणि बांधणी बांधणाऱ्याचा, हे वाक्य एका मुलीने वहीत लिहिलं. तक्त्याचा सगळा भार याच वाक्यावर टाकायचा असं मी तेव्हाच ठरवलं.

तक्त्यावर नाव: टिनिइडी कूळ, फेरिओइका. कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्या पतंगाची ही चुलत बहीण. जातीचं नाव लिहिणार नाही. या गटातल्या दोन-तीन जातींची नावं जगभर एकमेकींच्या जागी वापरली गेली आहेत आणि घरावरून ती वेगळी करता येत नाहीत.

२७ जून

भिंतवालीचं खाणं काय, हा प्रश्न वर्गाने लावून धरला. भिंतीवर खायला आहेच काय? जुनी कोळिष्टकं. मेलेले किडे, त्यांचे पाय-पंख, आपल्या अंगावरून झडणारे केस आणि कातडीचा कोंडा. दुसऱ्या अळीने टाकून दिलेलं रिकामं घरसुद्धा. हवेत दमटपणा लागतो, म्हणून कोकणात तिची चंगळ. मुंबईच्या फ्लॅटमधून नातेवाइकांचे "हे काय आहे, चावतं का?" असे फोटो येतात ते बहुतेक हिचेच. चावत नाही. कोळिष्टकं झाडली आणि ओल कमी केली की आपोआप घटते, फवारा मारायची गरज नाही.

याच संदर्भात मुलांना हवाईतली गोष्ट सांगितली. ओआहू बेटावर हायपोस्मोकोमा नावाच्या पतंगांचा मोठा गट आहे, सगळ्यांच्या अळ्या घरवाल्या. त्यातल्या एकीचं वर्णन २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालं. ती चक्क राहत्या कोळ्याच्या जाळ्यात राहते, जाळ्यात अडकलेले किडे खाते आणि त्यांची डोकी, पाय, पंखांचे तुकडे निवडून, मापात बसतील असे कुरतडून, आपल्या घरावर चिकटवते. वीसेक वर्षांच्या शोधात साठ-बासष्टच सापडल्या, त्याही एका डोंगररांगेच्या जेमतेम पंधरा चौरस किलोमीटर टापूत. वर्गात काही क्षण शांतता, मग मागून आवाज: "बाई, तिला कोळी खात नाय?" तिच्या अंगावरचा तो पोशाख त्यासाठीच असावा, असं संशोधक मानतात. हे तक्त्यात येणार नाही, आपल्याकडची नाही ती. पण अशी गोष्ट सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी नोंदी दुप्पट येतात.

११ जुलै

लावणी उरकत आली. शाळेमागच्या खाचरात आज अख्खा वर्ग बांधावर उभा केला. चिखलाने कपड्यांची जी अवस्था झाली त्याबद्दल पालकसभेत ऐकून घ्यावं लागेल.

ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण या अळीला मराठीत पक्कं नाव आहे आणि शेतकरी तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. सुरळीतील अळी. पॅरापॉयनक्स स्टॅग्नॅलिस, जुन्या पुस्तकांत निम्फ्युला डिपंक्टॅलिस. भाताच्या पानाचं टोक कापायचं, त्याची लांबट सुरळी करायची, आतून रेशीम लावायचं आणि ती घेऊन पाण्यावर तरंगायचं. दिवसा सुरळ्या खोडाला टेकून किंवा पाण्यावर पडून असतात. रात्री अळी सुरळीसकट पानावर चढते आणि हिरवा भाग खरवडून खाते, वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवून. उरतात ते पांढरे आडवे पट्टे. आमच्या खाचरात कडेच्या चुडांवर ते स्पष्ट दिसत होते, पाणी जिथे तुंबून राहतं तिथे जास्त.

एक सुरळी बशीत पाणी घालून ठेवली आणि अळी बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. हिरवट, जवळजवळ पारदर्शक अंग, आणि दोन्ही बाजूंनी बारीक फाटे फुटलेले पांढरे धागे. हे कल्ले. पतंगाच्या अळीला कल्ले! भिंगावर रांग लागली. पानावर चढतानाही ती सुरळीत थोडं पाणी भरूनच नेते, नाहीतर कल्ले सुकतील. म्हणजे इथे घर नुसतं लपायला नाही, श्वास घ्यायलाही लागतं.

शेताचे मालक बांधावर येऊन उभे राहिले. "बाई, पोरांना सांगा, औषध मारायच्या आधी दोर फिरवायचा." दोघांनी खाचराच्या दोन्ही बांधांवरून चालायचं, मधे धरलेला दोर चुडांवरून ओढत न्यायचा, की सुरळ्या पाण्यात पडतात. मग पाटाचं तोंड उघडायचं. पाण्याबरोबर सुरळ्या वाहून येतात त्या तोंडाशी गाळून काढायच्या, आणि दोन-तीन दिवस खाचर कोरडं ठेवायचं. कल्ले असलेल्या अळीचा पाण्यावाचून निभाव लागत नाही. युक्तीमागचं कारण बशीत पाहिलेलं असल्यामुळे मुलांना समजावून सांगावं लागलं नाही. बांधणीवरून बांधणारा ओळखला तर त्याचा उपायही हाती लागतो, हे तक्त्याच्या तळाशी लिहायला हवं. किंवा नको, उगाच उपदेश होईल. दोर फिरवण्याचं चित्र पुरेसं आहे.

पतंग छोटा, पांढराशुभ्र, पंखांवर फिक्या तपकिरी खुणा. रात्री बांधावर टॉर्च धरली की दिसतो.

२२ जुलै

एका मुलीच्या अंगणातल्या गुलाबावरून पिशवी अळी आली. आता आपण सायकिडी कुळात शिरतो. जगभरात या कुळाच्या तेराशेच्या आसपास जाती. त्यातल्या बहुतेकींच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की खाण्याआधीच घर बांधायला घेतात आणि आयुष्यभर त्याच घराला वाढवत नेतात.

ही पिशवी अडीच सेंटिमीटरची. बाहेरून पानांचे तुकडे एकावर एक चढवलेले, वरच्याची कड खालच्यावर, आपल्या इरल्यासारखे. पाणी निथळून जातं. वरचं तोंड रुंद आणि मऊ, तिथून डोकं आणि छातीचे तीन खंड बाहेर. खालचं टोक निमुळतं, बारीक छिद्राचं. तिथून विष्ठा पडते. म्हणजे भिंतवालीच्या अगदी उलट: दोन तोंडं, पण दोन्हींची कामं वेगळी. आमच्या तक्त्यातला हा पहिला फाटा.

बोट लावलं की अळी तोंडाची कड आत ओढून घेते आणि पिशवी बंद होते. ओढून बाहेर काढायचा प्रयत्न कोणी करू नये. ती सोडत नाही, अर्धी तुटते.

बरणीत गुलाबाची फांदी घालून ठेवली. अळी फांदी सोडून काचेवर चढायला लागली. काच गुळगुळीत, पायांना धरायला काही नाही. तिने डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत काचेवर रेशमाचा नागमोडी धागा टाकला आणि त्यावर पाय रोवत वर सरकली. मागे धाग्याची माळ तशीच राहिली. प्रकाश तिरका पाडला की फोटोत येते. पिशवीचं सगळं ओझं सहा पायांवर आणि या धाग्यावर.

३१ जुलै

वर्गाचा प्रयोग. गुलाबाच्या पानांबरोबर बरणीत लाल घोटीव कागदाचे बारीक तुकडे टाकून ठेवले होते. पिशवीच्या तोंडाभोवती आज लाल तुकड्यांचा पट्टा आहे. जपानात शाळकरी मुलं पिशवी अळीला रंगीत कागद, लोकरीचे धागे देऊन हाच खेळ खेळत आली आहेत, आमचा त्यात काही शोध नाही. पण दोन गोष्टी डोळ्यांना दिसल्या. भर नेहमी तोंडाकडे पडते, म्हणजे पिशवीचं शेपूट सगळ्यात जुनं आणि तोंड सगळ्यात ताजं. आणि कागदही तिने पानाच्याच पद्धतीने लावला: कड वर, एकावर एक चढवून. कोणी ही पिशवी उचलून आणली असती तर "लाल अळी" म्हणून नोंद झाली असती.

शेपटाचे तुकडे भिंगाखाली पाहिले तर गुलाबाचे नव्हते. पान जाडसर, शिरा वेगळ्या. बालपण दुसऱ्या झाडावर गेलं आणि मग स्थलांतर. म्हणून "कुठल्या झाडावर सापडली" या रकान्यावर फार विसंबायचं नाही. पिशवी अळ्यांपैकी बऱ्याच पाच-पंचवीस प्रकारच्या झाडांवर जगतात.

९ ऑगस्ट

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या ओढ्यातून दोन मुलांनी वाळूच्या खड्यांच्या नळ्या आणल्या. सुबक, एका बाजूला किंचित वाकलेल्या. पाहताक्षणी मोह होतो, पण या तक्त्यात त्यांना जागा नाही. या कॅडिसमाशीच्या अळ्या, त्यांची गणना पतंगांत होत नाही. पतंग-फुलपाखरांच्या सगळ्यात जवळचा गण हाच, त्यामुळे रेशीम आणि घर दोन्हीकडे. ओळख मागच्या टोकाला: पतंगाच्या अळीला पोटाखाली मांसल पाय असतात, त्यांच्या तळाला बारीक आकड्यांची ओळ. कॅडिसला पोटाखाली ते नाहीत, फक्त शेवटच्या खंडावर एकेक आकडा असलेली जोडी. अळी घरात असते तोवर हे दिसत नाही. वाहता ओढा आणि खड्यांची नळी इतकं पुरतं. मुलं नाराज झाली म्हणून तक्त्याच्या कडेला "पाहुणे" असा एक उभा पट्टा काढायचं कबूल केलं.

१४ ऑगस्ट

पाहुण्यांचा पट्टा भरायला लागला.

आंब्याच्या खोडावर चालणारा कचऱ्याचा गोळा: जाळीपंखी किड्याची अळी. पाठीवर दगडफूल आणि मेलेल्या माव्यांची कातडी लादलेली, पण घर नाही. उलटवलं की पोट उघडंच. पुढे विळ्यासारखे दोन जबडे. शेतकऱ्याची मित्र, सोडून दिली.

पालापाचोळ्यातलं काळपट, एकच तोंड असलेलं टणक मडकं: पानभुंग्यांच्या एका गटाची अळी, घर स्वतःच्या विष्ठेचं. रेशीम अजिबात नाही, चिमटीत दाबलं तर कडक लागतं.

कोपऱ्यात मुंग्यांची प्रेतं पाठीवर रचून हिंडणारं ढेकणाच्या नात्यातलं पिल्लू. याला हात लावायचा नाही, सोंड टोचतो.

१९ सप्टेंबर

शाळेच्या चिंचेवर पानांखाली सेंटिमीटरभर लांबीच्या निमुळत्या पिशव्या. गणपतीच्या सुट्टीआधी एवढ्या नव्हत्या. पर्णिकांचे तुकडे लावलेले, काही पिशव्या पानाला टेकून फिरणाऱ्या, काही ताठ धाग्याच्या देठावर लटकलेल्या. लटकलेल्या म्हणजे आत कोश झालेला. ही बांधणी सायकिडी कुळातल्या प्टेरोमाची. प्टेरोमा प्लॅजिओफ्लेप्स केरळात फार बदनाम आहे: तिथल्या वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर यांनी अल्बिझियाच्या (शिरीषाच्या नात्यातल्या झाडाच्या) लागवडीत तिचे उद्रेक अभ्यासले, झाडंच्या झाडं पानं खाऊन उघडी पडत. चिंच हे तिचं ठरलेलं झाड. खारफुटीवरही ती येते. दाभोळच्या खाडीत मुलांना न्यायचा विचार आहे, होडीवाल्याशी बोलायला हवं.

लटकलेल्या काही पिशव्या जाळीचं झाकण लावून बरणीत ठेवल्या होत्या. पतंगाची वाट पाहत होतो. आज एका पिशवीच्या कुशीला गोल भोक आणि बरणीत काळी, ठेंगणी गांधीलमाशी, मागच्या मांड्या फुगलेल्या, पिवळ्या डागांच्या. ब्रॅकिमेरिया. पिशवी अळीच्या कोशात वाढणाऱ्या परजीवी माश्यांपैकी ही नेहमीची. पतंग आला नाही म्हणून वर्ग हिरमुसला, पण मी तो दिवस फुकट गेला असं मानत नाही: रिकाम्या पिशवीवरचं भोक कुठे आहे हीसुद्धा वाचायची खूण आहे. बाजूला गोल, कडा स्वच्छ कुरतडलेल्या, तर परजीवी बाहेर पडली. खालच्या टोकातून कोशाची कात अर्धी बाहेर लोंबत असेल तर नर पतंग उडून गेला.

मग मादीचं काय? हा प्रश्न मुलींनी विचारला आणि उत्तर ऐकून त्यांचे चेहरे पडले. पिशवी अळ्यांच्या बहुतेक जातींत मादीला पंख नाहीत. पुष्कळ जातींत पाय आणि डोळेही नावाला. ती पिशवीतच राहते, गंध सोडते, नर उडत येऊन पिशवीच्या खालच्या तोंडातून मिलन करतो. अंडी ती आपल्या कोशाच्या टरफलात घालते, शेकड्यांनी, आणि मरते. पिल्लं खालच्या छिद्रातून बाहेर पडतात, धागा सोडतात आणि वाऱ्यावर जातात. मादी उडत नसूनही जात पसरते ती अशी. "म्हंजे तिला घरातनं भायेर येताच येत नाय?" नाही. त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती समाजशास्त्राच्या तासाला शोभली असती.

२४ ऑक्टोबर

दिवाळीला फलटणला, माहेरी. घाट चढून देशावर आलं की बाभळी सुरू होतात आणि बाभळीवर काड्यांच्या मोळ्या. भाच्याला हाताशी घेऊन सकाळी बांधावर गेले.

ही युमेटा क्रॅमेरी, बाभळीवरची पिशवी अळी, इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वेस्टवूड यांनी १८५४ मध्ये नाव दिलेली. चहाच्या मळ्यांतही त्रास देते. पिशवी चार सेंटिमीटरच्या आसपास, बाहेर बारीक काड्या आणि बाभळीचे काटे. सगळे उभे, एकमेकांना समांतर, पिशवीच्या लांबीच्या दिशेने बांधलेले. एखादी काडी शेपटाकडे बोटभर पुढे आलेली. काटे सोडून नुसत्या काड्यांच्याही पिशव्या त्याच झाडावर होत्या. एक तर बांधावरच्या शेवरीच्या काड्यांची. काटे आहेत म्हणून बाभळीची अळी, हे समीकरण इथेच मोडतं. काड्या उभ्या समांतर आहेत, हे सगळ्यांत सारखं.

चिपळूणला गेल्या पावसात एका मुलाने दुसरंच काही आणलं होतं: काड्या आडव्या, चौकोनात रचलेल्या, खालून वर लहान-मोठ्या होत गेलेल्या. लाकडाचा माल तोच, बांधकाम सर्वस्वी वेगळं. ती सायकिडीतलीच, पण क्रॅमेरी नव्हे. तक्त्यात ही दोन चित्रं शेजारी शेजारी हवीत.

रिकाम्या पिशव्या कात्रीने उभ्या कापल्या (फाडायचं नाही हा नियम राहत्या घरांना आहे). अस्तर इतकं चिवट की कात्री अडते. एका पिशवीतून कोशाची कात बाहेर लोंबत होती, नर. एकीत टरफल आतच, कुरतडलेल्या अंड्यांच्या सालींनी भरलेलं.

सिलोनमधले ब्रिटिश अधिकारी एमर्सन टेनंट यांनी एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेतली एक समजूत नोंदवली आहे: गेल्या जन्मी ज्यांनी लाकडं चोरली ते या जन्मी हा किडा होऊन काड्या वाहतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग आपल्या बांधावरचे सगळे ओळखीचेच निघायचे."

संध्याकाळी तिनेच माळ्यावरची जुनी घोंगडी काढून दिली, "कसर लागलीय, बघ तुझ्या कामाची आहे का." होती. घडीत बारीक, गोल नळ्या, सेंटिमीटरच्या आत, दोन्हीकडून उघड्या, लोकरीच्याच केसांच्या विणलेल्या. टिनियाची अळी. भिंतवालीच्याच कुळातली, पण चपटी नाही, आणि वाळूचा कण नाही. घोंगडी काळी, काठ पांढरा. काठावर सापडलेल्या एका नळीचा मधला भाग काळा, दोन्ही टोकं पांढरी. ही अळी दोन्हीकडून भर घालते, म्हणून जुना माल मध्ये आणि नवा टोकांना. गुलाबावरच्या पिशवीत जुना माल शेपटाला होता. एकाच आठवड्यात दोन्ही उदाहरणं मुलांसमोर ठेवता येतील. कपड्यांना लागणारी दुसरी एक अळी असं घर घेऊन फिरत नाही, नुसतं जाळं करून खाते. तिला पट्ट्यात जागा. घोंगडी उन्हात घातली, नळ्या मी डबीत घेतल्या.

८ नोव्हेंबर

तक्त्याचा कच्चा आराखडा. चित्रकलेच्या सरांनी पेन्सिलीत काढून दिला.

पहिला प्रश्न: उलटवलं तर पोट उघडं दिसतं का? दिसलं तर पाहुण्यांच्या पट्ट्यात जा. दुसरा: पाण्यात का? भातात पानाची सुरळी असेल तर नाव पक्कं. ओढ्यात खडे असतील तर पाहुणा. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा: दोन्ही तोंडं सारखी का? सारखी असतील तर टिनिइडी, मग चपटं की गोल एवढंच पाहायचं. एक रुंद, एक निमुळतं असेल तर सायकिडी, आणि तिथून तुकड्यांची दिशा: उभे, आडवे, एकावर एक चढवलेले, की देठाला टांगलेली छोटी निमुळती पिशवी.

माल कुठला, हा प्रश्न मुद्दाम शेवटी आणि बारीक अक्षरात. सरांनी काट्यांची पिशवी सगळ्यात मोठी काढली होती कारण ती चित्रात उठून दिसते. लहान करायला सांगितली. मोठं चित्र भिंतवालीचं, कारण ते प्रत्येकाच्या घरी आहे.

सूक्ष्मदर्शकाखालची एक खूणही आराखड्यात होती: सायकिडीच्या अळीच्या पहिल्या छातीखंडावरचं श्वासछिद्र आडवं लंबगोल असतं. खूण खात्रीची, पण ती पाहायला अळी घराबाहेर काढावी लागते. काढून टाकली. ज्याला शाळेपुढे जाऊन हे शिकायचं आहे त्याला भारतातल्या पतंगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या हॅम्पसन यांच्या काळापासूनच्या पुस्तकांत आणि भारतातल्या पतंगांच्या संकेतस्थळांवर पुढची वाट मिळेल.

नावं किती खोल लिहायची यावर शिक्षकांत वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, प्रत्येक चित्राखाली पूर्ण शास्त्रीय नाव हवं, नाहीतर तक्ता अर्धवट वाटतो. मी ठाम राहिले: सुरळीतील अळीला पूर्ण नाव, बाभळीवरच्या उभ्या काड्यांना पूर्ण नाव, चिंचेवरच्या पिशवीला "प्टेरोमा", भिंतवालीला "फेरिओइका", घोंगडीवालीला "टिनिया", आडव्या काड्यांच्या चौकोनाला आणि गुलाबावरच्या पिशवीला नुसतं "सायकिडी". नाव जिथे थांबतं तिथे पुढे पतंग पाहावा लागतो, हे मुलांना दिसायलाच हवं.

१५ नोव्हेंबर

फ्लेक्सवाल्याने रंग उडतील म्हणून सांगितलं. ओल्या भिंतीवर कागद टिकणार नाही. शेवटी फ्लेक्सच, पण प्रत्येक चित्राशेजारी मिलिमीटरची पट्टी छापून. चित्रं मोठी केल्यावर सुरळी आणि भिंतवाली एकाच मापाच्या दिसत होत्या, ते चालणार नाही.

पुढच्या जुलैत पतंग सप्ताहात शाळेच्या गच्चीवर पांढरा पडदा आणि दिवा लावायचा, प्टेरोमाचे नर आले तर त्यांचे फोटो. मादी पडद्यावर यायची नाही, म्हणून लटकलेल्या पिशव्या आधीपासून बरण्यांत हव्यात. बरण्यांची झाकणं मलमलीची करायची, जाळी नको. चिंचेवरची पहिली पिल्लं जाळीतून धाग्यावर निघून जातील. होडीवाल्याने डिसेंबरातली भरती-ओहोटी पाहून तारीख कळवतो म्हटलंय.